विहानचं कापलेलं कडवं

कार्डिफ, रविवार

प्रिय नीना,

'प्रिय' लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. पण तुला दुसरं काही म्हणायची सवयच नाही.

विहानला जाऊन दहा वर्षं झाली. एकोणतीस हे काय जायचं वय होतं? आई-बाबा दोघंही डॉक्टर, आणि माझ्या धाकट्या भावाचं हृदय मिल्टन कीन्सच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत बसल्या बसल्या थांबलं. गाडी तू चालवत होतीस. आमच्या घरात तुला कुणी दोषाचा एक शब्द बोललं नाही. उलट आई म्हणाली, "सून कसली, नीना आता आपली मुलगीच."

नागपूरकर डॉक्टरांचा मुलगा काउबॉय हॅट घालून अमेरिकन खेड्यांतलं कंट्री म्युझिक गातो, म्हणून आधी लोक हसले. मग हॉल भरायला लागले. आज कुठल्या कुठल्या गावची पोरं त्याची गाणी गिटारवर बसवतात. परवा सुपरमार्केटमध्ये त्याचं गाणं लागलं आणि मी ट्रॉली तिथेच सोडून बाहेर आले. हे सगळं तू टिकवलंस, मी मानते.

म्हणूनच ते रेकॉर्डिंग तुला दिलं. आईच्या साठाव्या वाढदिवसासाठी त्यानं फोनवर गाऊन मला पाठवलेलं गाणं. तीन कडवी इंग्रजी, त्यात नुसती 'तू'. ती 'तू' म्हणजे आई, हे कळतं शेवटच्या मराठी कडव्यात. वाढदिवसाआधीच तो गेला आणि आईला ते ऐकवायचं मला धैर्य झालं नाही. तुला म्हटलं होतं, हे फक्त तुझ्यापाशी ठेव. माझा हात धरून तू "प्रॉमिस, ताई" म्हणालीस.

शुक्रवारी तू काढलेला त्याचा नवा अल्बम आला. गाणं तीन कडव्यांत संपलं. खाली लिहिलं होतं, 'नीनासाठी विहानचं शेवटचं गाणं.' आईनं हेडफोन काढले, डोळे पुसले आणि म्हणाली, "किती जीव होता गं त्याचा नीनावर!"

मी फोन केला, तर म्हणालीस, "ताई, मराठीमुळे ऑडियन्स तुटतो." आणि ते 'नीनासाठी'? त्यावर तू फोनच ठेवलास.

माफी मागू नकोस. काल आईला सगळं खरं सांगितलं, मी दहा वर्षं गाणं लपवलं तेही. ती चिडली नाही. एवढंच विचारलं, "माझ्यासाठी काय म्हणाला गं तो?" माझा तो जुना फोन कधीच बंद पडला, पूर्ण गाणं आता फक्त तुझ्याकडे आहे. आणि मला ते कडवं नीट आठवत नाही, नीना. मी आईला काहीतरी रचून सांगायच्या आत ते पाठव.

अजून तरी तुझीच,
वरदाताई