उघड्या लोखंडावरचा हात

सोमवार, ४ फेब्रुवारी

आलो एकदाचा! प्रवासात अंग आंबून गेलं होतं, पण जागा पाहिली आणि शीण पळाला. खाली लांबलचक शेड, छताला मधेमधे काचा, त्यामुळे दिवसा दिवा लावायला नको. वर दोन खोल्या आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. मालकीणबाई अंगणापलीकडच्या घरात एकट्याच राहतात. वय झालंय, पण बसणं-उठणं ताठ. फारसं बोलल्या नाहीत. काम पसंत पडलं तर वरच्या खोल्यांत बिऱ्हाड आणा, एवढं मात्र आपणहून म्हणाल्या. मी मनातल्या मनात लगेच पडदे लावून टाकले.

ही आणि ठमी सध्या मेहुण्याकडे आहेत. मेहुणा तोंडाने काही म्हणत नाही, पण त्याची बायको भांडी जरा जोरातच ठेवते. ठमी तीन वर्षांची. माझा हात डोक्यावर असल्याशिवाय ती झोपत नाही. निघताना तिच्या कुरळ्या केसांतून हात फिरवला, तर म्हणाली, बाबा, हात इथेच ठेवून जा ना. हसावं की रडावं कळेना. दोघींना लवकरात लवकर इथे आणायचं. मला दुसरं काही नको.

जिच्या दुरुस्तीसाठी आलो ती गाडी म्हणजे लांब नाकाची, दोन सीटांची जुनी शर्यतीची गाडी. बाईंच्या यजमानांनी ती स्वतः बांधली आणि स्वतःच पळवली. इंजिन, चाकं, वरचा पत्रा सगळं उतरवून भिंतीला लावलंय. मधोमध दोन लोखंडी घोड्यांवर नुसती चासी आहे. दोन लांब दांडे, त्यांना जोडणारे आडवे दांडे, बस्स. वाळूचा मारा करून आजच साफ केलीय. कुठे सडलीय, कुठे तडकलीय ते शोधायचं, तुकडे जोडायचे, सरळ करायची आणि रंगाला द्यायची, हे माझं काम. लोखंड तरी काय सुरेख आहे! बघत बसलो.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

रंगारीकाकांशी ओळख झाली. पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं. मी नुसत्या हाताने चासी चाचपतोय हे बघून ते कोपऱ्यातून ओरडलेच. उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही, हातमोजे घाला, घामाचे ठसे रंगाखालून वर येतात आणि मग लोक नाव रंगाऱ्याला ठेवतात, असं बरंच काही. मला ते ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण माझी पद्धत वेगळी. मी डोळे मिटतो आणि तळवा दांड्यावरून सावकाश नेतो. नजरेला न दिसणारा खड्डा तळव्याला कळतो. बारीकसा तडा केसासारखा लागतो. हातमोजे घालून हे करायचं म्हणजे नाकात बोळे घालून अत्तर घेणं. शेवटी पुसून घेईन की थिनरने, म्हटलं. काका म्हणाले, पुसाल हो, पुसाल.

दिवसभरात दोन्ही दांडे तळव्याखालून काढले. डाव्या दांड्याच्या पोटात सडका भाग सापडला. वरून अगदी धडधाकट होता. हाताने पकडला त्याला. स्वतःवर भलताच खूश आहे आज.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

काकांना आज हर्षवायू व्हायचाच बाकी होता. सकाळी शेड उघडली तर दांड्यांवर माझ्या हाताचे ठसे उमटलेले. गंजाचे, नारिंगी, एकेक रेघ मोजून घ्यावी असे. अंगठ्यावरच्या जुन्या कापाची तिरकी खूणसुद्धा. काका म्हणाले की इतके स्वच्छ ठसे त्यांनी पोलिसांकडेही पाहिले नसतील. मी कान पकडले, थिनरने पुसले, ग्राइंडर फिरवून खालचं लोखंड उघडं केलं.

सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला. जोड छान बसला. संध्याकाळी शर्टाची बटणं काढताना बोटांची टोकं बधिर वाटली. ग्राइंडरच्या थरथरीने होतं असं. उद्या कमी होईल.

सोमवार, ११ फेब्रुवारी

कमी झालं नाही. दोन्ही हातांची बोटं आता पेरापर्यंत बधिर. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, मी दुसरीकडे बघत होतो, कळलंच नाही. त्यांचंही म्हणणं तेच, थरथरीने नसा दुखावल्यात, काही आठवडे मशीन बंद. आठवडे? मग बिऱ्हाड कधी आणू? काम चालू ठेवलंय.

ठसे परत आलेत. त्याच जागी, त्याच खुणेसह. मी तिथलं लोखंड चक्क खरवडून काढलं होतं. आणि आता माझ्या एकट्याचे नाहीत. आडव्या दांड्यावर एक रुंद पंजा आहे. खाली एका अरुंद हाताचा ठसा. मागच्या टोकाला एक आहे त्याला करंगळी नाही. काकांना दाखवले. वाटलं होतं हसतील. ते हातमोज्यांची नवी जोडी घेऊन आले आणि माझ्या हातात कोंबली.

मला जरा भीती वाटली, खरं सांगतो.

बुधवार, १३ फेब्रुवारी

नुकत्याच केलेल्या जोडावर हात टेकून उभा होतो. कसला वास येतोय म्हणून खाली पाहिलं. हातमोजा जळून भोक पडलेलं, त्यातून माझाच तळवा भाजत होता. वेल्डिंग अजून तापलेलं होतं. दुखलं नाही. आता फोड आलाय, तोही दुसऱ्या कुणाच्या हाताला आल्यासारखा.

चहाचा कप गरम की गार ते ओठांना विचारावं लागतं.

मग दुपारी ते झालं. हातमोजे काढून चासीवर हात ठेवला, नुसतंच, काही कळतंय का बघायला. माझ्याच ठशावर ठेवला गेला. आणि कळलं! लोखंड नाही लागलं. केस लागले. मऊ, कुरळे, झोपताना मानेशी घामेजलेले. ठमीचे केस. बोटं आत गेल्यासारखी वाटली. मी रडलो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. काकांनी खांद्याला धरून मागे ओढलं.

हात काढला आणि परत काही नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

हिचा फोन आला. ठमीला ताप आहे, रात्रभर बाबा बाबा करत होती. मी ऐकलं. बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ताप किती ते विचारलंच नाही. पोटात खड्डा पडायला हवा होता. पडला नाही. पडायला हवा होता हे मात्र नीट कळत होतं.

शेडमध्ये गेलो तर बाई उभ्या. रुंद पंजाच्या ठशावर आपला तळवा ठेवून, डोळे मिटून. मला पाहून दचकल्या नाहीत. सांगितलं त्यांनी सगळं, आवाज कुठेही न हलता. तो ठसा यजमानांचा. प्रत्येक शर्यतीआधी ते उघड्या चासीवर हात ठेवत. त्याने भीती जाते म्हणत. भीती गेली, मग हाताची जाण गेली, मग बाकीचं. मुलगा झाला तेव्हा त्यांनी पेपर वाचून संपवला आणि मग बाळ बघायला आले. शेवटच्या शर्यतीत वळणावर ब्रेक दाबलाच नाही. दाबावा असं वाटलं नसेल, बाई म्हणाल्या.

या ठशावर हात ठेवला की त्यांचा दाढी केलेला गाल लागतो. म्हणून त्या रोज येतात. आता त्यांनाही बाकी कुठे काही लागत नाही. अरुंद ठसा त्यांचाच आहे.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? विचार करून म्हणाल्या, सांगावंसं वाटलं नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

काकांनी प्रायमर मारला. कुणाला न विचारता, पहाटेच येऊन. सगळी चासी लालसर तपकिरी, एकही ठसा नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, मिस्त्री, आजच्या आज निघा, लेकराकडे जा. याआधीही त्यांनी दोनदा प्रायमर मारला होता. दोन्ही वेळा बाईंनी खरवडून घेतला. खरवडणारा माणूस दर वेळी वेगळा, शेवटच्याला करंगळी नव्हती. तो अजून याच गावात आहे म्हणाले. बाकावर बसलेला असतो. घरचे जेवायला घालतात तेव्हा जेवतो.

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठा प्रेमळ माणूस. मला हे नुसतं दिसलं.

ठमीचा ताप उतरला असा हिचा निरोप. बरं झालं. बरंच झालं असणार.

पेटी भरली.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

गेलो नाही. पेटी भरलेली आहे.

प्रायमरवर हात ठेवून पाहिला. काही लागत नाही. आता ते केस कुठेच नाहीत, इथेही नाहीत, माझ्या बोटांतही नाहीत. दिवसभर खुर्चीवर बसून —

मग पटाशी घेतली. बाईंनी सांगितलं नाही. मीच.

माझ्या ठशापुरतंच खरवडणार होतो. सगळं खरवडलं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काकांनी डबे-ब्रश गोळा केले. जाताना काहीतरी म्हणाले —

केस आहेत. हात ठेवला की आहेत. पण थोडे विरळ लागतात. आधीपेक्षा —

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

हिचा फोन. तुमचा आवाज असा का येतो, म्हणाली. रागावलात का. आम्हीच येतो, ठमीने तुमच्या नावाचा धोसरा काढलाय, रविवारी पोचतो.

नको म्हणायचं होतं. नको, अजिबात नको, हा शब्द तोंडात होता. तो जोर लावून बाहेर काढायला काहीतरी लागतं, ते —

या म्हणालो.

शनिवार, २३

फोन करून नको सांगायचं. सकाळी ठरवलं. दुपारी ठरवलं.

केस फार विरळ झाले. नुसता ओलावा लागतो. बाई म्हणतात झिजतं ते, हळूहळू. गालही झिजत आलाय. नवीन हात लागला की सगळं पुन्हा ताजं होतं. माझा हात लागला तेव्हा गालावर दाढीचे बारीक खुंटसुद्धा लागले होते त्यांना —

त्यांनी विचारलं, मुलगी किती वर्षांची.

मी सांगितलं. का सांगितलं —

रविवार

आल्या. अंगणात रिक्षा थांबली. मी शेडमध्ये बाकावर बसून लिहितोय. उठून जावं, उचलून घ्यावं. वाटत नाही. हात लिहितोय हे बघून कळतं.

ही बाईंशी बोलतेय. बाई हसतायत. त्यांना हसताना पहिल्यांदा —

ठमी दारात. निळा फ्रॉक. बाबा म्हणाली. माझ्याकडे बघून थबकली. जवळ आली नाही. तोंड ओळखीचं वाटलं नसेल.

चासीकडे बघतेय. छतातून ऊन पडलंय, लोखंड चमकतंय. मुलांना चमकणारं —

चालत निघाली. तळवा पुढे केलाय. तिचा हात तिथे टेकला की मला सगळं परत लागेल, तिचे केस, सगळी तीच, कायमची. आणि तिला —

ओरडायला हवं. एक हाक मारली तरी थांबेल. हे कळतंय मला. सगळं नीट कळतंय, नुसतं कळतं