कड्यावरच्या त्या दोन दोऱ्या

संतू बाळा,

तू गेल्यापासून तुला एक अक्षर लिहिलं न्हाई. चौथीपर्यंतची शाळा माझी, त्यात लिहायचा कंटाळा. पण काल सुनीताचा फोन आला, आन् आज सैपाक टाकून बसलेय. तुझी बायको म्हणाली, "वन्सं, यंदा रविवारी मी मैदानावर येणार न्हाई. दोन वर्सं माणसांत बसून नवऱ्याची चूक ऐकली. आता बास."

नवऱ्याची चूक! ऐकलंस का?

आठवतंय, माझ्या अंगणातल्या लिंबाला तू दोर बांधला होतास? मला वाटलं, ह्याला कंपनीतनं काढला की काय, म्हणून हे रिकामे चाळे. कमरेला पट्टा, डोक्यावर टोपडं, आन् त्या दोराला बारक्या दोऱ्यांचे दोन फास. तीन-तीन वेढे मारून सरसर वर गेलास.

"अक्का, बघ. वजन टाकलं की आवळतंय, काढलं की सरकतंय. एक कमरेला, एक पायाला. कड्यावर अडकलो आन् कुणी न्हाई आलं, तर आपलं आपण वर यायचं."

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "माकडा, उतर. फांदी मोडंल. कड्यावर गेलंच न्हाई तर अडकतंय कोण?"

"तुझ्याशी कोण बोलंल, अक्का!" म्हणून हसलास.

ही दोरी बारीकच लागती, असं तवा सांगितलं होतंस का रे? सांगितलं असशील. मी ऐकलं नसंल. कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवयच न्हाई मला.

त्या शनिवारी ड्युटी करून तू कारेगावहून थेट कासुर्डीला माझ्याकडं आलास. सकाळी भोरकडं कडा उतरायला जायचं होतं. पहाटे तू अंघोळीला गेलास तवा मी तुझी पिशवी उघडली, मळका वास येत होता म्हणून. ते फास हातात घेतले. करंगळीहून बारीक, वरून कुसं निघालेली. माझ्या भावाचा जीव ह्या सुतळीवर? गाईसाठी यवतच्या बाजारातनं नवी नायलॉनची दोरी आणलेली, अंगठ्याएवढी जाड. तिचे दोन तुकडे केले, दाव्याला मारते तशी गाठ मारली, पायाखाली धरून आवळली आन् टाकले पिशवीत. तुझे जुने फास दुधीच्या वेलाला बांधले. केवढं बरं वाटलं मला! सांगावं म्हटलं, तर दूध उतू चाललेलं. मी तिकडं वळले तोवर तू गाडीला किक मारलीस.

तू तरी उघडून बघायचीस ना पिशवी! दुसऱ्याला शिकवायचास, निघताना एकेक सामान हातानं चाचपा म्हणून. की अक्काच्या घरात कोण हात लावणार, असं वाटलं?

पुढचं मला तुझ्या जोडीदारानं, गणेशनं सांगितलं. तू आधी उतरलास. खाली कडा आत गेलेला, दोर हवेतच लोंबत राह्यला. टोक जमिनीला पोचलंच न्हाई. टोकाला गाठ होती म्हणून सुटून पडला न्हाईस, एवढंच. आता वरच यायचं, लिंबावर चढलास तसं. तू वेढे मारलेस. सरकले. आणखी मारलेस. तरी सरकले. दोराहून जाड दोरी दोराला धरत न्हाई, हे मला तुझ्या तेराव्यानंतर कळलं. बारीक असती तर चावून बसली असती. वर गणेश एकटा, त्याला तू ओढवंनास. खालच्या वाडीतली माणसं येईस्तोवर तू पट्ट्यात तसाच... लई वेळ लोंबलं की रक्त पायातच साठतंय म्हणे, काळजापर्यंत येत न्हाई. पुढं लिहवत न्हाई.

गणेशला तुझं एकच बोलणं ऐकू आलं. "ही माझी दोरी न्हाई!"

सगळ्यांनी धरलं, घाईत दुसऱ्याची उचलली. पण संतू, ती गाठ तू ओळखली असणार. आपल्या गोठ्यात लहानपणापास्नं तीच गाठ. माझं नाव तोंडावर आलं असंल ना? मग घेतलं का न्हाईस? शिवी घालायचीस! 'अक्के, काय करून बसलीस' म्हणायचंस! मला झाकायला गप्प बसलास, की बोलायला दमच उरला नव्हता? हे सांगणारं आता कुणी न्हाई.

तुला कडे चढाय-उतरायला शिकवलेले सर दर साली तुझ्या दिवशी नव्या पोरापोरींना कारेगावच्या मैदानावर शिकवतात. त्या दोऱ्या वर धरून म्हणतात, "बारा वर्षांचा अनुभव, आणि पिशवीत जनावराचं दावं! फाजील विश्वास, दुसरं काय?" वाईट मनानं न्हाई बोलत, कुणी पुन्हा मरू नये म्हणून बोलतात. सुनीता मान खाली घालून बसती. मी मागं चहा भरते. पहिल्या साली धीर करून तोंड उघडलं, आन् निघालं काय, तर "साखर पुरली का?" गावाला गप्प करणारी मी!

काल फोन ठेवताना सुनीता म्हणाली, "पोरगी विचारती, पप्पा निष्काळजी होते का. मी व्हय म्हटलं."

तुझ्या लेकीला व्हय म्हटलं, संतू!

आता ऐक. रविवारी सरांच्या हातातनं त्या दोऱ्या घेईन आन् सगळ्यांपुढं सांगीन: त्यानं पिशवी बघितली न्हाई ही त्याची चूक, पण दोरी माझी, गाठ माझी. पण माणसांपुढं बोलणं सोपं. सुनीतापुढं अवघड, म्हणून आधी तिच्याकडं. उद्या चौफुल्यावरनं शिरूरची यष्टी धरते. तिथनं कारेगाव. उंबऱ्याबाहेरच सांगीन, पोरीला समोर उभं करून. आत जाऊन पाणी पिले तर जमायचं न्हाई मला. सुनीता मारील, दार लावील, जन्मात तोंड बघणार न्हाई. बघू नये. पण पोरगी बापाला निष्काळजी म्हणत मोठी होणार न्हाई, हा शब्द देते.

तुझी,
अक्का