ऑपेराचा ब्लॉग, शिवणयंत्र आणि एक चूक यांची निरवानिरव

मी, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून कपड्यांच्या चेन आणि उसवलेल्या शिवणी दुरुस्त करणारी, वय वर्षे एकोणसाठ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आहे ते घड्याळाचं. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मग माझ्या दोन-दोनदा सह्या कशाला घेतल्या? म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे उरकून घेते.

१. राहती खोली माझ्या पश्चात धाकट्या भावाची. निदान वर्षभर विकू नये. तो थांबणार नाही, मला माहीत आहे. लहानपणी मी रेडिओवर ऑपेरा लावला की "बायका किंचाळतायत" म्हणून तो बटण बंद करायचा. माफ केलंय. विसरलेले नाही.

२. शिवणयंत्र आणि तिन्ही कात्र्या दुकानातल्या इस्त्रीवालीला. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही. बजावून ठेवते, कागद कापलास तर बघ!

३. एकोणीस वर्षं चालवलेला माझा ऑपेराचा ब्लॉग, पासवर्डसकट, भावाच्या मुलीला. हा ब्लॉग मी याच अर्ध्या तासाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, बिलांच्या पाठीवर लिहिला. भाची म्हणते, "आत्या, आता वाचतं कोण? व्हिडिओ कर ना!" करणार नाही. तिनेही करू नये. बँकेतली माझी ठेव ब्लॉगचं वर्षाचं शुल्क भरण्यासाठीच आहे, दुसऱ्या कशासाठीही त्या पैशाला हात लावू नये. आपल्या भाषेत ऑपेरावर नेमाने लिहिणारं दुसरं कोणी मला तरी सापडलेलं नाही. ऑपरेशनपेक्षा मला तो बंद पडण्याची भीती जास्त वाटते.

४. तिकीट मला कधी परवडलं नाही, आणि दुकान बंद होईपर्यंत तिकडे पहिला अंक संपलेला असायचा. नाट्यगृहाचा दारवान मला मध्यंतरानंतर रिकाम्या खुर्चीवर बसू द्यायचा. म्हणजे एवढ्या वर्षांत मी एकाही ऑपेराचा पहिला अंक रंगमंचावर पाहिलेला नाही. त्याबद्दल जे लिहिलं ते वाचनालयातल्या सीडी ऐकून. सात वर्षांपूर्वी मी एका गायिकेबद्दल लिहिलं, "आवाज फाटला आहे, बाईंनी आता घरी बसावं." त्या दिवशी बाई तापाने घरीच होत्या. त्यांच्या जागी दुसरी गाणार, हे सुरुवातीलाच रंगमंचावरून सांगितलं होतं. मी तेव्हा इथे कोणाच्या तरी कोटाची चेन बसवत होते.

बाईंनी कळवलं, "त्या प्रयोगात मी नव्हते, कृपया दुरुस्त करा." मी मूग गिळून बसले. दुरुस्त केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, घोषणा ऐकली कशी नाही? दारवानाची नोकरी जाईल, अशी मनाची समजूत घातली. मागच्या महिन्यात बाईंचं पुन्हा पत्र आलं. आता त्या मुलींना गाणं शिकवतात. एका आईने माझं लिखाण वाचून मुलीची शिकवणी बंद केली.

तरी माझ्या मृत्यूनंतर भाचीने ब्लॉगवर दुरुस्ती टाकावी.

इथवर लिहून दोन्ही साक्षीदारांना, म्हणजे त्याच दारवानांना आणि दुकानाच्या मालकीणबाईंना, वाचून दाखवलं. दारवानांनी चष्मा काढला.

"मेल्यावर कशाला, ताई? मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता मला कोण काढतंय?"

"दादा, ब्लॉगची अब्रू जाईल. मग कोण वाचेल?"

"आणि त्या बाईंची गेली ती?"

मला राग आला. मालकीणबाईंनी आपला कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

५. कलम चारमधली सूचना रद्द. जुनं लिखाण पुसलं नाही, त्याच्या वरच ठळक अक्षरांत लिहिलं: "या प्रयोगात या बाई गायल्याच नव्हत्या. मी मध्यंतरानंतर आत आले होते, नेहमीच तशी येत असे. चूक सर्वस्वी माझी, आणि सात वर्षं ती मला ठाऊक होती." बाईंनाही कळवलं. उत्तर आलेलं नाही, आणि ते देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. एका जुन्या वाचकाने मात्र लगेच विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?" हो, फसवलं.

६. कलम तीनला जोड. भाचीला ब्लॉगवर नवं काही लिहायचं नसेल तर तिने लिहू नये. वाचक एकही उरला नाही तरी शुल्क मात्र भरत राहावं. उद्या कोणी त्या बाईंचं नाव शोधलं तर पहिल्यांदा त्याला चूक माझी होती हेच सापडलं पाहिजे.

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे, खाडाखोडही माझीच.

सही: (चेन-शिवणवाली)
साक्षीदार: १. नाट्यगृहाचे निवृत्त दारवान २. दुकानाच्या मालकीणबाई
(इस्त्रीवालीला कात्र्या मिळणार, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. ती रुसली आहे.)
ठिकाण: दुकानाचं मागचं टेबल
दिनांक: १२ मार्च २०२६, गुरुवार