सोळा रंगांतून उरलेले दोन

राहुरी, ७ फेब्रुवारी १९९५

ती. सहादेवमामांना यशोधराचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी निरगुडीचा शेक चालू ठेवलाय ना? (बंद केला असेल तर मला कळवू नका, आधीच डोकं तापलंय.) इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

आमच्या दूध संघात रंगीत कॉम्प्युटर आल्याचं कळवलंच होतं. त्यावर इंग्रजी पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे. येत्या सोमवारी संचालकांच्या मीटिंगमध्ये माझी नोकरी कायम व्हायची आहे, म्हणून दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेय. तर झालं असं, की पत्रं टाइप करायचा प्रोग्राम उघडला की पडदा निळा आणि अक्षरं पांढरी. कंपनीकडूनच तो तसा येतो. दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क गोरक्षनाथराव खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले, "बाई, हापिसात आपला झेंडा लावायचा नस्तो." मी सांगितलं, साहेब, हा अमेरिकेतून असाच आलाय. त्यावर म्हणतात, "तिकडं बी तुमची मानसं असतीलच की." (एवढी आपली माणसं तिकडे असती, तर मी इथे दुधाच्या पत्रांवर डोळे फोडत बसले असते का?)

म्हटलं, जाऊ दे. रंग बदलता येतो. पाठीमागच्या पडद्याला आठ रंग, अक्षरांना सोळा. हिरवा केला, तर एका संचालकांना तो भलत्याच लोकांचा वाटला. लाल केला, तर मला युनियनवाल्यांनी फितवलंय म्हणे. भगव्याची सोय त्या यंत्रात नाही. जवळचा म्हणून तपकिरी निवडला, तर मी मुद्दाम भगवा मळका करून दाखवला, अशी तक्रार मॅनेजरपर्यंत गेली. जांभळ्यावर कुणाचाच हक्क नव्हता, पण त्यावर मलाच काही दिसेना. शेवटी पाठ काळी आणि अक्षरं राखाडी ठेवली. गोरक्षनाथरावांनी "कुनी गेलंबिलं का?" असं विचारलं, पण मॅनेजर खूश. मोठ्या शहरांत म्हणे आता असंच साधं चालतं, बाईंची आवड चांगली आहे. आवड कसली डोंबलाची. ज्याला जे खुपलं ते मी पुसत गेले आणि उरलं त्याला साधेपणा म्हणायचं. मला मेलीला त्या कौतुकानं बरं वाटलं, याचाच जास्त राग येतोय.

बाकी ठीक. चांगुणामामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
यशोधरा

ता.क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. नोकरी कायम झाल्याचे पेढे वाटायला तुम्ही सोमवारी नेवाशाहून थेट ऑफिसात येणार आहात. या, पण गळ्यातलं ते निळं उपरणं तेवढं पिशवीत ठेवून या. मीटिंग होईपर्यंतच. राग मानू नका.

पुन्हा ता.क. पाकिटात घालायच्या आधी पत्र वाचून पाहिलं. वरच्या चार ओळी खोडणार होते, पण राहू दे; तुमच्या भाचीनं काय लिहिलं होतं ते तुम्हालाही कळू दे. उपरणं घालूनच या, मामा. आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधी या.