तुमची नात दहा नंबरला खेळते

अप्पा, तुमची नात काल टीव्हीवर चिखलात लोळत होती आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. तुम्हाला पहिल्यांदा चिखलच दिसला असता, म्हणून तो आधी सांगून टाकला. ती रग्बी खेळते. हौस म्हणून नाही, पगारावर. ख्राइस्टचर्चच्या बसवर तिचा भलामोठा फोटो आहे, केस पिंजारलेले, गुडघा फुटलेला. आणि तिथल्याच रिकार्टन भागातल्या देशी दुकानात मला आता ‘तिची आई’ म्हणून कोथिंबिरीची जुडी वर मिळते. तुम्ही शिकवलेल्या संस्कृतच्या जोरावर मला कुणी कढीपत्त्याची काडीसुद्धा दिली नव्हती.

दहा नंबर म्हणजे संघाचा सूत्रधारच. कुणी कुठून धावायचं, चेंडू कुणाकडे जायचा, हे तीच खुणेचे शब्द ओरडून सांगते. आमचं गाव लहान, मेंढ्या जास्त आणि माणसं कमी. तिथल्या एकुलत्या एक फार्मसीत मी औषधं देते. सोळाव्या वर्षी गावच्या क्लबने तिला ही जागा दिली, आणि त्या खुणांचा क्रम काही तिच्या डोक्यात राहीना. “आय कीप मिक्सिंग देम अप, आई!” म्हणत गाडीत येऊन रडली. मग मी काय केलं असेल? वेद पाठ करायचा तुमचा जटापाठ काढला. पहिली-दुसरी, दुसरी-पहिली, पुन्हा पहिली-दुसरी. सरावाला जाता-येता रोज घोकून घेतला. ऋषींच्या युक्तीवर रग्बी! चिडा खुशाल. विद्या तुम्ही दिलीत; ती कुठे वापरू, हे विचारायला तुम्ही नव्हतात.

आणि असतात तरी विचारलं नसतं. खो-खोच्या जिल्हा सामन्यांची आदली संध्याकाळ आठवते? मी नववीत. स्वयंपाकघरात बसून कॅनव्हासच्या बुटांना खडू फासतेय, आई पोळ्या लाटतेय. तुम्ही दारातूनच म्हणता, “उद्याच्या गाडीत तू नाहीस. सरांना सांगून आलोय.”

“पण अप्पा, मी कॅप्टन आहे.”

“मग दुसरी कुणी होईल. पळून कुणी पंडित झालेलं मी तरी पाहिलं नाही.”

आईचं लाटणं थांबत नाही.

तुमच्या नातीला सतराव्या वर्षी करार आला. इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडावा लागणार होता, आणि सही पालकाची हवी होती. केली मी सही! हे पुण्यात दादाने तुमच्या फोटोसमोर मोठ्यांदा वाचावं, याच हिशेबाने हे पत्र लिहायला घेतलं. पण तो कागद आधी अकरा दिवस माझ्या कपाटात टॉवेलांखाली होता. ती विचारायची, “साइन केलंस?” मी म्हणायचे, वाचतेय अजून. वाचून पहिल्याच दिवशी झाला होता. शेवटी तो तिलाच सापडला. “नको असेल तर जस्ट से नो, आई. डोन्ट हाइड इट.”

सही त्यानंतरची आहे. तुम्ही निदान तोंडावर नाही म्हणालात. हे दादाने मोठ्यांदा वाचायला नको, म्हणून पत्र माझ्यापाशीच राहू दे.