शेवंतामायचं बोलणं आणि कॉम्प्युटरचे कप्पे

४ फेब्रु. २००७, अंबड
सुधाकरभाऊजी औरंगाबादहून त्यांचा जुना कॉम्प्युटर देऊन गेले. त्यात टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर. "वहिनी, त्या सुईणबाईचं सगळं यात टाका. विषयवार कप्पे करा. पुस्तक आपोआप उभं राहतं." आपोआप!
दर रविवारी एसटीने वडीगोद्री. शेवंतामाय बोलते, मी लिहिते. तीन वह्या भरल्या. निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची, माझ्या आईचंही.

७ फेब्रु.
मराठी टाईप केलं, बंद करून उघडलं, तर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. दोन तास गेले. भाऊजी फोनवर म्हणे, इंग्रजी अक्षरांत लिहा, चालतं. चालतं म्हणे.

११ फेब्रु., रविवार
वडीगोद्रीला गेले नाही. कप्पे करून राह्यले. कळा, नाळ, वार, पाचवी. प्रत्येकाला रंग.

१४ फेब्रु.
'कळा' शोधलं. इंग्रजी अक्षरांत कळा, काळा, कला सगळं एकच. बाळंतिणीच्या कळांशेजारी मीच त्यात ठेवलेली आमच्या शाळेच्या कला प्रदर्शनाची यादी आली. शिसारी आली. मायच्या तोंडचा शब्द असा हिडीस दिसतो, वाचवत नाही. तरी टाईप करतेच आहे. का?

१८ फेब्रु., रविवार
मायचा निरोप, गावच्या कंडक्टरकडून. "मास्तरीणबाईला म्हणावं, पायाळू बाळाचं सांगायचं राह्यलंय. जल्दी या." पुढच्या रविवारी नक्की, मी म्हणाले. आज कप्प्यांत उपकप्पे.

२५ फेब्रु., रविवार
परत नाही गेले. लाईट नव्हती, आली तेव्हा बसले. हे म्हणाले, "लिहिलंस किती?" मोजलं. कप्पे एकवीस. नवीन वाक्य एकही नाही.

२ मार्च
मायच्या सुनेचा, गयाचा, फोन. मायला लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जालन्याला दवाखान्यात.

३ मार्च
भेटले. डोळे उघडे, ओळखलं असावं. गया म्हणाली, "तिन्ही रविवारी धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसल्त्या. बाई येतील, म्हणायच्या. जेवल्या बी न्हाईत." बाहेर येऊन नळावर चूळ भरली. तोंडाची कडू चव गेली नाही.

६ मार्च
भाऊजींचा फोन. "कसं काय, जमलं का?" "बराबर जमलं," म्हणाले. एवढी गुळगुळीत निघाली जीभ. किळस येते. त्या यंत्राची कमी, माझी जास्त. माय बोलत होती अन् मी रंग निवडत होते.

१७ मार्च
मायला घरी आणलं. उद्या जाते. वही घ्यावी की नाही, ठरत नाही.

१८ मार्च, रविवार
गेले. वही पिशवीतच ठेवली. मायने तोंड भिंतीकडे केलं. "रागावल्या न्हाईत बाई, थकल्यात," गया म्हणाली. कोण जाणे. मी नुसती बसले. तासाभराने उठले तर पदराला ओढ. मायचा डावा हात. तोंड अजून भिंतीकडेच, पण पदर मुठीत घट्ट. थांब म्हणते की जाब विचारते, कळेना. "माय," म्हणाले. मूठ ढिली झाली नाही.
साडेपाचची गाडी गेली. मी खाली बसले.