चुंबकाच्या बोगद्यात तीन माणसं

बालाघाट, रविवार

प्रिय कालिंदीताईस,

धाकट्या चंदूचा, म्हणजे चंद्रशेखरचा, वाकून नमस्कार. भाऊजींचा खोकला गेला असेल आणि नागपूरच्या उन्हानं तुला फार छळलं नसेल, असं धरून चालतो. आम्ही इथं सगळे सुखरूप आहोत. तुझी भावजय मंजू आंब्याच्या लोणच्यात बुडालेली आहे. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी मुद्द्याशी आलो की तू 'बरं, ठेवते' म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही.

बातमी अशी की आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एमआरआय मशीन येणार आहे. आजवर बैहरच्या माणसाचं डोकं तपासायचं म्हटलं की आधी जीप, मग बस, मग नागपूर, आणि दोन दिवस गेलेच. आता ते इथंच होईल. कोणतं मशीन घ्यायचं ते ठरवायला तिघांची समिती नेमली : आमच्या रेडिओलॉजिस्ट वल्लरी मॅडम, ट्रस्टचे अध्यक्ष कुशलबाबू (राइस मिलवाले, स्वभावानं चांगले, आवाजानं मोठे) आणि मी. सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये कापूस आणि थर्मामीटर मोजणाऱ्या माणसाला त्यात का घेतलं, हे मी विचारलं नाही. (विचारलं असतं तर काढलं असतं.)

ताई, मला वाटायचं हा मोठा एक्स-रे असेल. तसं नाही. हे एक प्रचंड चुंबक असतं, आणि ते कधी बंद होत नाही. लाइट गेली तरी ते चुंबकच राहतं, पाहुणे घरी गेले तरी चुंबकच. आपल्या अंगातल्या पाण्याला ते हाका मारतं, पाणी ओ देतं, त्या ओवरून चित्र निघतं. मी मॅडमना रोज पाच-सहा प्रश्न विचारू लागलो. डब्यातली पोळी हातात धरून त्या उत्तरं द्यायच्या. कुशलबाबूंनी एकच विचारला, पण तो जबरदस्त. आपल्याकडं भरवेलीला जमिनीखाली इतकं मँगनीज आहे, ते या चुंबकाकडं ओढलं गेलं तर? मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खाणीतला दगड मागवून त्याला चुंबक लावून दाखवलं. चिकटला नाही. मग म्हणाल्या, दगडाचं सोडा, रेल्वेचं बघा, जवळून एवढं लोखंड धावलं तर चित्र बिघडतं. झालं, मी टेप घेऊन रुळापासून आमच्या भिंतीपर्यंत अंतर मोजत निघालो. रेल्वेचा एक शिपाई आडवा आला, 'क्या नाप रहे हो?' मी खरं ते सांगितलं, 'चुंबक बिठाना है.' त्यानं मला अर्धा तास बसवून ठेवलं. (अंतर पुरेसं निघालं.)

खरा वाद बोगद्याचा होता. माणूस आडवा करून ज्या भोकात सरकवतात ते एका मशीनचं साठ सेंटिमीटर, दुसऱ्याचं सत्तर. कुशलबाबूंना कोणा विक्रेत्यानं पटवलं होतं की अरुंदच घ्या, चित्र जास्त साफ. मॅडमना रुंद हवं होतं, आणि रोग ओळखण्यात फरक पडेल असं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्याच म्हणाल्या, आपण झोपून बघू. नागपूरच्या एका सेंटरमध्ये दोन्ही प्रकारची मशिनं आहेत, तिथं गेलो. गाडीत चौथी शेवंताबाई. ती आमच्या दवाखान्याचा स्वयंपाक सांभाळते, लामता गावची. तिला कोणी बोलावलं नव्हतं. 'मले पाहू द्या, काय हाय थे,' म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

तिथं अंगावरचं सगळं लोखंड काढायला लावलं. माझा पट्टा गेला, म्हणून एक हात पँटला. कुशलबाबूंच्या बोटात शनीसाठी घोड्याच्या नालेची अंगठी होती, ती अकरा वर्षांत निघाली नव्हती. साबण झाला, तेल झालं. ती खेचाखेच चालू असताना मलाच अरुंद मशीनमध्ये सरकवलं. ताई, नाकापासून छत चार बोटं. मग आवाज सुरू झाला, कोणी पत्र्याच्या पिंपात बसवून बाहेरून हातोडे मारावेत तसा. हातात रबराचा फुगा देतात, घाबरलं की दाबायचा, बाहेर घंटी वाजते. मी बराच वेळ धीर धरला.

बाहेर आलो तर शेवंताबाईनं बोटाला दोरा गुंडाळून अंगठी काढलेली होती. कुशलबाबू 'कुछ नहीं है' म्हणत आत गेले. खांदे दोन्हीकडं टेकले, आणि मशीन सुरू व्हायच्या आत फुगा वाजला. नंतर पाच मिनिटं ते फक्त पाणी प्यायले.

शेवंताबाई दोन्हीत जाऊन आली. अरुंदमध्ये तर चक्क झोपली. कुशलबाबूंना जोर आला, 'देखा, इसको कुछ हुआ? मग छोटंच घेऊ.'

'नाही जी,' ती म्हणाली. 'मी चुलीपाशी झोपणारी बाई, मले कुठीबी झोप येते. पण त्या मोठ्याच्यातून दरवाजा दिसते. दरवाजा दिसला का माणूस थांबते.'

 कुशलबाबूंनी स्वतःच्या खांद्यांकडं पाहिलं, मग म्हणाले, 'हौ. मोठंच घेऊ.' मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या कागदावर सह्या घेतल्या. परत येताना कुशलबाबू लांजीच्या भाच्याला फोनवर सांगत होते की रुंद मशीनची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चूकभूल पोटात घाल.

तुझा
चंदू

ता. क. 'बराच वेळ' असं वर लिहिलंय. मशीन चालवणाऱ्या मुलीच्या घड्याळात ते चाळीस सेकंद होते.

ता. क. २. मंजूला हे माहीत नाही, तिला सांगू नको. दोन महिने झाले, डाव्या कानात शिट्टी वाजते आणि उठताना तोल जातो. वल्लरी मॅडमनी माझंच एमआरआय लिहून दिलंय. आमचं मशीन यायला सहा महिने आहेत, तेवढं थांबू नका म्हणाल्या. नागपूरच्या रुंद मशीनला पुढच्या महिन्यापर्यंत नंबर नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी अकरा वाजता त्या अरुंदमध्येच जायचंय. सोबतीला एका माणसाला आत बसू देतात, पायांच्या बाजूला. तू ये. मंगळसूत्र आणि केसांच्या पिना घरी ठेव. बोलायची गरज नाही, त्या आवाजात मला ऐकू येणार नाही. फक्त पाय धर, आणि मी ओरडलो तरी सोडू नको.